नकाशातलं मोठं घर

मकदूमभाईंनी नकाशा आडाच्या कठड्यावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि म्हणाले, "साहेब, आता तुम्ही बोट ठेवा. मी मशीन लावतो."

वैशाखातली सकाळ होती. आठच वाजले होते, पण ऊन पाठीला चावत होतं. समोर बोरसोगा होतं, म्हणजे असायला हवं होतं. दहा वर्षांपूर्वीच्या भूकंपात गाव झोपेतच खाली बसलं. वाचलेल्यांना तीन किलोमीटरवर नवं गाव बांधून दिलं आणि जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावर बुलडोझर फिरला. आता तिथं कमरेएवढ्या मातीचा सपाट उंचवटा होता, त्यावर वेड्या बाभळी माजल्या होत्या. ओळखीच्या खुणा दोनच उरल्या होत्या, मारुतीचा पार आणि हा आड.

"ठेवा की ओ बोट," मन्मथअप्पा म्हणाले. ते आडाच्या कठड्याला टेकून उकिडवे बसले होते. कपाळावर ताजं भस्म, अंगात धुतलेला पांढरा सदरा. माती उकरायला येताना कुणी असला सदरा घालत नाही. "तुमीच काढलेला नकाशा हाय. तुमाला न्हाई घावणार तर कुणाला घावंल?"

ते खरं होतं. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक. भूकंपाच्या दोन वर्षं आधी बोरसोग्याच्या गावठाणाची मोजणी मीच केली होती. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली माझी सही होती, 'मा. ना. देवळे'. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि सहीखाली दोन रेघा मारायची मला हौस होती. त्या दोन्ही रेघा नकलेवर स्वच्छ उमटल्या होत्या.

मकदूमभाई भंगाराचा धंदा करायचे. भूकंपानंतर त्यांनी हैदराबादेहून एक यंत्र आणलं होतं. लांब दांडी, खाली ताटासारखी चकती, कानाला लावायचा फोन. जमिनीत धातू असला की ते कानात बोलायचं. पण नुसतं यंत्र घेऊन ओसाड गावठाणं तुडवण्यात अर्थ नाही हे त्यांना पहिल्या उन्हाळ्यातच कळलं. मग ते आमच्या कचेरीत येऊन जुन्या नकाशांच्या नकला काढायला लागले. रीतसर अर्ज करून, तिकीट लावून. लोक हसायचे त्यांना. मला मात्र त्यांचं नकाशा वाचणं आवडायचं. आमच्या खात्यातल्या निम्म्या लोकांना तसं वाचता येत नव्हतं.

"साहेब, मी आधी आड बघतो," ते मला एकदा म्हणाले होते. "बाई पाणी ओढायला वाकती, जोडवं पडतं, बिल्वर पडतं. मग बाजाराची जागा. मग गावाबाहेर जायची जुनी पायवाट, जी आता न्हाई. लोहाराचं घर सोडून द्यायचं, तिथं मशीन येड्यासारखं वरडतं."

पण त्या दिवशी ते धंद्यासाठी आले नव्हते. अप्पांनी हात जोडले म्हणून आले होते, फुकट.

अप्पांना चांदीची एक डबी हवी होती. लिंबाएवढी. त्यांच्या बायकोच्या गळ्यातली.

लिंगायत माणूस इष्टलिंग चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधतं आणि मरेपर्यंत काढत नाही. मेल्यावर त्याला जाळत नाहीत. बसवून समाधी देतात, लिंग त्याच्या हातात देऊन. भूकंप झाला तेव्हा अप्पा ट्रकवर होते, कांदा घेऊन हैदराबादला गेले होते. ते परत येईपर्यंत दोन दिवस झाले होते. इतकी प्रेतं, वरून पाऊस, रोगराईची भीती. मिळेल ते लाकूड आणि रॉकेल घालून सगळ्यांना एकत्र अग्नी दिला होता. निलावतीलाही. अप्पांना कुणाची राख कुठली हेही कुणी सांगू शकलं नाही. फक्त ज्या शेजाऱ्याने तिला मातीतून ओढून काढलं, तो म्हणाला, "अप्पा, वैनीच्या गळ्यात काय नव्हतं. दोरा तुटला असंल."

म्हणजे डबी घरातच होती. मागच्या खोलीत, जिथं ती झोपली होती. दहा वर्षं अप्पा एवढ्याच वाक्यावर जगत होते. दुसरं लग्न केलं नाही. शेताच्या कोपऱ्यात तिच्यासाठी समाधीचा खड्डा खणून, बांधून, वर फरशी टाकून ठेवला होता. डबी मिळाली की तीच निलावती समजून आत बसवायची होती.

"मग दहा वर्षं का थांबलात?" मी विचारलं होतं.

"कुठं उकरू, साहेब? एकशे चाळीस घरं व्हती. बुलडोझर फिरल्यावर सगळंच सारखं झालं. माणूस आपल्या दारात डोळे झाकून जातंय, पण आडापासून किती पावलं, हे कुणी मोजून ठेवतंय का?"

नकाशा मिळतो हे त्यांना मकदूमभाईंकडून कळलं, आणि कळलं तेव्हा घाई झाली होती. गावाची माती पांढरी असते, खताच्या तोडीची. ग्रामपंचायतीने जुन्या गावठाणाची माती आळीआळीने शेतकऱ्यांना उचलायला दिली होती. पेरणीच्या आत शेतात टाकायची म्हणून सगळ्यांची धांदल चालली होती. आडाजवळची आळी त्या दिवशी दुपारी सुरू होणार होती. अप्पांचं घर जिथं असेल तेवढा तुकडा आठवडाभर सोडायला लोक कबूल होते. फक्त कुठला तुकडा ते दाखवून द्यायचं होतं.

मी नकाशावर बोट ठेवलं. आडापासून सरळ दक्षिणेला जाणारी आळी, उजव्या हाताला सात घरं, पाचवं अप्पांचं, म्हणजे बिराजदारांचं. पट्टी लावली, आकडा काढला.

"आडापासून बासष्ट फुटांवर तुमची भिंत सुरू होते."

मकदूमभाईंनी फितीचं टोक धरलं, मी चालत गेलो. बासष्ट फुटांवर खुंटी ठोकली, नकाशातली घराची लांबी मोजून पुढे दुसरी ठोकली. अप्पा धावत आले आणि पहिल्या खुंटीजवळ चपला काढून उभे राहिले. घरात शिरायच्या आधी काढतो तशा.

"हितं वसरी," ते जागेवरच पाय टेकवत म्हणाले. "हितं बसला व्हता तुमी. ताक पिलाव. ध्यानात हाय का?"

"आहे."

"दोन तांबे पिलाव."

"तीन," मी म्हणालो, आणि अप्पा खूष होऊन हसले.

"आन् ती काय म्हणली तुमाला? ते बी असंल ध्यानात."

तेही होतं. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, लग्न होऊन वर्ष झालेलं. दाराला एक पितळी भोंगा टांगलेला होता, अप्पांच्या जुन्या ट्रकचा, रबरी फुग्याचा. मी ताक मागितलं की ती आतून भोंगा दाबायची आणि मग तांब्या घेऊन यायची. माझ्या मोजणीच्या फळ्यावरच्या कागदाकडे बघून म्हणाली होती, "सायेब, आमचं घर दोनच खणाचं हाय. कागदावर तरी मोठं काढा की." अप्पा तिला दटावत होते आणि त्यांचंच हसू आवरत नव्हतं.

"घर मोठं काढा म्हणाल्या होत्या," मी म्हणालो.

"तशीच व्हती ती," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी कुदळ उचलली.

यंत्र बोलायला लागलं. मकदूमभाई कानाला हात लावून ऐकायचे, थांबायचे, पायाने खूण करायचे. अप्पा तिथं कुदळ घालायचे, मग कुदळ टाकून हातांनी माती उपसायचे. बिजागऱ्या निघाल्या. एक पळी. कुलूप. वाकडे खिळे तर ओंजळभर. प्रत्येक वस्तू अप्पा सदऱ्याला पुसून बघायचे आणि बाजूच्या गोणपाटावर ठेवायचे. पांढरा सदरा तासाभरात मातीचा झाला.

साडेदहाच्या सुमाराला मकदूमभाई म्हणाले, "मोठं हाय कायतरी. लोखंड." दोघांनी मिळून उकरलं. आधी एक चाक दिसलं, मग मान, मग सगळं धूड. शिवणयंत्र होतं. सुईच्या जागी गंज, पण चाकावरची नक्षी शाबूत.

अप्पा त्याच्याकडे बघत राहिले. "ही तुळशीराम शिंप्याची मशीन हाय."

"तुमच्या घरात?" मकदूमभाईंनी विचारलं.

"न्हाई. तुळशीराम आमच्या अलीकडं. चौथं घर."

मग अप्पाच म्हणाले, "बुलडोझरनं ढकलली असंल इकडं. नकाशा कसा चुकंल? साहेबांनी मोजलंय." आणि ते पुन्हा उकरायला लागले.

मी मात्र हातातल्या नकाशाची घडी घातली.

कारण मी मोजलं नव्हतं. बाकीचं गाव मोजलं होतं, मारुतीपासून वेशीपर्यंत, इमानाने, फीत लावून. ती एक आळी राहिली होती. शेवटचा दिवस, तिसरा तांब्या, गप्पा. साडेपाचची एसटी गेली असती तर रात्र गावातच काढावी लागली असती, आणि दुसऱ्या दिवशी घरी माझा साखरपुडा होता. मी आळीच्या तोंडाशी उभा राहिलो, डोळ्यांनी अंदाज घेतला आणि सात घरं कागदावर मांडून टाकली. आमच्या खात्यात याला 'जुळवून घेणं' म्हणतात. मांडताना पाचवं घर आलं तेव्हा तिचं बोलणं आठवलं. शिंप्याच्या घराची जागा खाऊन मी बिराजदारांचं घर चांगलं साडेतीन खणांचं काढलं. एसटीत बसल्यावरसुद्धा स्वतःवर खूष होतो. कुणाचं काय बिघडतंय, असं वाटलं होतं.

म्हणजे आम्ही सकाळपासून तुळशीराम शिंप्याच्या घरात उकरत होतो. अंदाजात सगळी आळीच आखूड निघाली होती, अप्पांचं घर दुसऱ्या खुंटीच्याही पुढे होतं. पंधरा फूट, वीस फूट, किती ते मलाही सांगता आलं नसतं.

मला तेव्हाच बोलायचं होतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो आहे. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात ट्रॅक्टरांचा आवाज आला. एक जेसीबी, मागे तीन ट्रॉल्या, आणि सरपंचासकट दहा-बारा माणसं. पुढच्या ट्रॅक्टरवर बालाजी होता, अप्पांच्या शेताला लागूनच त्याचं शेत. तो खाली उतरला, शिवणयंत्राकडे बघून चुकचुकला.

"अप्पा, लौकर आलाव आमी. जेसीबी दुपारनंतर दुसरीकडं जायचाय. कुठनं भरू सांगा. तुमचं सोडून भरतो."

अप्पांनी हात झटकले. मोठ्या रुबाबात त्यांनी माझ्याकडून नकाशा घेतला आणि सगळ्यांसमोर उघडला. इतक्या माणसांत त्यांच्या घराचा कागद होता, त्याचा त्यांना अभिमान वाटत होता हे दिसत होतं. "हे बगा. हे आमचं घर. हितनं हितवर. ही खुंटी, आन् ती तिथली. एवढं सोडा. त्याच्या पुढची माती न्या खुशाल."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर ना, साहेब?"

दहा-बारा माणसं माझ्याकडे बघत होती. सरपंच बघत होता. खोटी मोजणी म्हणजे निलंबन, चौकशी, आणि माझ्या बढतीची फाईल त्या महिन्यात वर गेलेली. हे सगळं त्या क्षणी डोक्यात आलं असं म्हणवत नाही. डोक्यात आलं ते एवढंच की हा माणूस आता सगळ्यांसमोर माझ्याकडे कसा बघेल.

"बरोबर," मी म्हणालो.

जेसीबीने दुसऱ्या खुंटीच्या पलीकडे दात घातले.

दुपारभर आम्ही उकरत राहिलो आणि शेजारी पंधरा पावलांवर ट्रॉल्या भरत राहिल्या. मी मोजत होतो. दुसरं काही सुचत नव्हतं. सात ट्रॉल्या गेल्या. मकदूमभाई दोनदा थांबून मला म्हणाले, "साहेब, सावलीत बसा, तोंड उतरलंय तुमचं." अप्पांनी भाकरी सोडली, मला अर्धी दिली. ती मी खाल्ली. हे मला अजून खुपतं, की ती भाकरी मी खाल्ली, वर मिरची मागून घेतली.

चारच्या सुमाराला जेसीबी गेला. मागे छातीइतका खोल खड्डा राहिला, त्याच्या कडा ताज्या कापल्यासारख्या. मकदूमभाई पाय मोकळे करायला म्हणून त्या बाजूला गेले. यंत्र त्यांच्या हातात होतंच. खड्ड्याच्या कडेला त्यांनी सहज चकती फिरवली आणि ते थांबले. कानावरचा फोन काढून त्यांनी पुन्हा लावला.

"अप्पा," त्यांनी हाक मारली. "लोखंड न्हाई. पितळ असंल."

ते फार खोल नव्हतं. अप्पांनी कडेची माती बोटांनी खरवडली. पितळेचं एक तोंड दिसलं, कर्ण्यासारखं पसरट, मग त्याची वळलेली नळी. रबराचा फुगा कुजून गेला होता.

अप्पांनी भोंगा दोन्ही हातांत धरला. पुसला. मग त्यांनी नळीला तोंड लावलं आणि जोरात फुंकर मारली. आवाज आला नाही. पुढून माती बाहेर पडली.

"हा दाराला व्हता," ते म्हणाले. "दाराच्या चौकटीला." त्यांनी भोंगा होता त्या जागेकडे पाहिलं, मग समोरच्या खड्ड्याकडे. "दार हितं. मग वसरी इकडं. मग मागची खोली..." त्यांचा हात खड्ड्याच्या मधोमध येऊन थांबला. तिथं काही नव्हतं. जेसीबीच्या दातांच्या रेघा होत्या.

मकदूमभाई यंत्र घेऊन खड्ड्यात उतरले. तळ, कडा, कोपरे, सगळीकडे त्यांनी चकती फिरवली. यंत्र एकदाही बोललं नाही.

आता मला राहवेना. मी अप्पांच्या समोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. आळी मोजली नव्हती, एसटी चुकत होती, डोळ्यांनी काढली.

"मोजलंच न्हाई?" अप्पा म्हणाले.

"नाही."

"आन् आमचं घर?"

"मोठं काढलं. शिंप्याच्या जागेत घुसवलं. त्या म्हणाल्या होत्या म्हणून."

मकदूमभाईंनी तोंड फिरवलं. मला वाटलं अप्पा आता मारतील. मारावं असंच वाटत होतं. ते बराच वेळ भोंग्यातली माती करंगळीने काढत राहिले. मग त्यांनी मान वर केली.

"साहेब, एक सांगा. सकाळी बालाजीला मी माती न्या म्हणलो. तवा तुमाला ठाऊक नव्हतं ना?"

त्यांचे डोळे स्वच्छ होते. त्यांना 'नाही' ऐकायचं होतं. ते माझ्याकडे मागत होते.

"नाही," मी म्हणालो. "भोंगा निघाल्यावर लक्षात आलं."

"मग तुमचा काय दोष," अप्पा म्हणाले, आणि माझ्या खांद्याला धरून उठले.

ती माती बालाजीच्या आणि आणखी दोघांच्या शेतात पसरली गेली होती. मकदूमभाईंनी यंत्र अप्पांकडे ठेवून दिलं. पेरणी होईपर्यंत अप्पा रोज त्या तीन शेतांतून फिरले, कानाला फोन लावून, नांगराचं एकेक तास धरून. पुढच्या उन्हाळ्यातही नांगरट झाली की फिरले. नाणी सापडली, जोडवी सापडली, एक चांदीचा करदोडा सापडला. ज्याचं असेल असं वाटलं त्याच्या घरी नेऊन दिलं. डबी सापडली नाही.

दुसऱ्या वर्षी श्रावणात ते माझ्या कचेरीत आले. हातात अर्ज, त्यावर तिकीट लावलेलं.

"नक्कल पायजे. आमच्या आळीची."

"अप्पा, तो नकाशा चुकीचा आहे. मी दुरुस्तीचा प्रस्ताव..."

"दुरुस्ती नगं," ते घाईने म्हणाले. "घर मोठं हाय तीच पायजे."

मी स्वतः ट्रेसिंगचा कागद घेऊन बसलो. आळी काढली, सात घरं काढली. पाचव्या घरात नकाशावर 'मन्मथ शिवलिंग बिराजदार' असं होतं, तसं लिहिलं. अप्पा वाकून बघत होते.

"तिचं नाव लिवता येतंय का? नियमात बसंल का?"

नियमात बसत नव्हतं. मी काळ्या शाईने, जमेल तितक्या चांगल्या अक्षरात, 'निलावती' लिहिलं. अप्पांनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग कागदाची घडी केली, त्या घडीची घडी, असं करत करत लिंबाएवढी केली आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली.

सोमवारी त्यांनी ती समाधीत ठेवली. गावच्या स्वामींनी आधी कुरकुर केली, कागदाला कशी समाधी द्यायची म्हणून. अप्पा म्हणाले, "घर हाय तिचं. आपल्या घरात बसंल ती." मला त्यांनी बोलावून घेतलं होतं आणि भेटेल त्याला सांगत होते, "हे देवळे साहेब. हिनं म्हणलं आन् त्यांनी घर मोठं काढलं. कोण ऐकतंय ओ बाईमाणसाचं एवढं?" लोक माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी नमस्कार करत होतो.

नंतर वीस वर्षं अप्पा दर वर्षी हुरड्याला मला न्यायचे. आम्ही आळीबद्दल, भोंग्याबद्दल कितीदा बोललो असू. दर वेळी मला वाटायचं, आज सांगू. शिवणयंत्र निघालं तेव्हाच मला कळलं होतं, त्यानंतर सात ट्रॉल्या भरल्या आणि मी बसून मोजल्या, हे सांगू. दर वेळी ते कणसातले दाणे माझ्या हातावर काढून द्यायचे आणि मी गप्प बसायचो. मी नोकरीतून निवृत्त झालो. बढती मिळाली होतीच.

अप्पा मागच्या माघात गेले. निलावतीशेजारीच त्यांची समाधी खणली होती. त्यांना आत बसवलं, हातात लिंग दिलं, भस्म लावलं. मग एकेकाने माती टाकायची होती. कडेला मातीचा ढीग होता, आजूबाजूच्या काळ्या रानात वेगळाच दिसणारा, पांढुरका.

बालाजी माझ्याजवळ उभा होता. आता त्याचेही केस पिकलेत. "माझ्या शेतातली हाय, साहेब," तो हळूच म्हणाला. "अप्पांच्या घरची. म्हणलं, शेवटी त्यांना त्यांचीच घालावं."

माझी पाळी आली. मी ओंजळभर माती घेतली. लोक शिवनामाचा गजर करत होते, मागचे पुढे सरकत होते. "अप्पा, मला सकाळीच ठाऊक होतं," मी म्हणालो. त्या गजरात ते मलाही नीट ऐकू आलं नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, टाका."

मी टाकली नाही. दोन्ही हातांच्या बोटांनी ती माती चाळत राहिलो, ढेकूळ न् ढेकूळ फोडून बघत. मग बालाजीने माझे हात धरले.